लातूरच्या उन्हाळ्यात आप्पांच्या खोलीला एसी बसवताना

लातुरात कूलर ठेवायचा की एसी घ्यायचा, हा हिशेब विजेच्या बिलाच्या आधी पाण्यापाशी अडतो. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरणाचा तळ उघडा पडला आणि मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून शहराला पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यानंतर आमच्या घरात भाजी धुतलेलं पाणीसुद्धा झाडांना जातं. अशा घरात कूलर मात्र रोज पन्नास-साठ लिटर पाणी संपवायचा, आणि ते सगळं हवेत जायचं.

यंदा माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, खोलीत एसी बसवला. आप्पांनी ऐंशी ओलांडली आहे. या वयात घाम कमी येतो, तहान उशिरा कळते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी शरीरातलं पाणी आणखी कमी होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की दुपारचं ऊन टाळता येईल, पण रात्रभर खोली तापलेली राहिली तर शरीराला उसंतच मिळत नाही, आणि धोका त्यातच आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे यंत्र घरात येण्याआधी आणि आल्यावर जे जे पाहिलं, मोजलं, विचारलं, ते इथं लिहिते आहे. आपल्याकडे घरोघर एसी लागायलेत. बसवून घेताना काय बघायचं हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

आधी घराबद्दल. आमचं मूळ गाव औसा तालुक्यातलं. तिथला वाडा माळवदाचा होता: दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर तुळया-फळ्या आणि त्यांच्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. मे महिन्यातही माजघरात गारवा असायचा, कारण उन्हाची धग तेवढी माती पार करून आत येईपर्यंत सूर्य मावळलेला असायचा. पण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. किल्लारीच्या भूकंपात आमच्या पट्ट्यातली हजारो माणसं याच जड छतांखाली आणि भिंतींखाली गेली. आप्पांनी तेव्हाच ठरवलं की यापुढं डोक्यावर माती नको. लातूरचं हे घर स्लॅबचं बांधलं, ते त्या निश्चयानं. त्यांना 'माळवद किती गार होतं' असं म्हणायचं माझ्या जिभेवर कधी येत नाही. आमच्या भागात सिमेंटची घरं का वाढली आणि ती का तापतात, याचं एक मोठं कारण त्या एका पहाटेत आहे.

पाच इंची स्लॅब दिवसभर ऊन साठवतो आणि रात्री नऊ-दहाच्या सुमाराला तीच उष्णता खोलीत सोडायला लागतो. आप्पांची खोली वरच्या मजल्यावर, म्हणजे थेट स्लॅबखाली. पलंगावर उभं राहून छताला हात लावला तर रात्री दहालाही तवा उतरवल्यावर ओट्याला लागते तशी धग हाताला लागायची. पंखा तीच गरम हवा खाली आणायचा. "पंखा बंद कर गं, अंग भाजायलंय," असं आप्पा म्हणायचे ते खरंच होतं. हवा अंगापेक्षा गरम झाली आणि घामही येईना झाला, की पंखा माणसाला गार करत नाही, उलट तापवतो.

मग कूलरचं काय चुकत होतं? एप्रिल-मेमध्ये खरं तर काहीच नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतले दोन थर्मामीटर घरी आणले. एकाच्या फुग्याला मलमलची ओली चिंधी गुंडाळली आणि दोन्ही टेबलफॅनसमोर धरले. मेच्या दुपारी कोरडा थर्मामीटर ४१ वर होता, आणि ओला उतरत उतरत २३ ला येऊन थांबला. हा खालचा आकडा म्हणजे कूलरची त्या दिवशीची हद्द. वाळ्याचा ताटा असो की हनीकॉम्ब पॅड, कूलर त्याच्या खाली जाऊच शकत नाही. चांगला असेल तर दोन-तीन अंश वर थांबतो. म्हणजे ४१ च्या दुपारी २६ ची हवा, तीही दीड-दोनशे वॅटमध्ये. एवढ्या कमी विजेत एवढा गारवा दुसरं कुठलंही यंत्र देत नाही, आणि ज्याच्या बोअरला पाणी आहे त्यानं कूलर काढू नये असंच मी सांगेन.

पण हाच प्रयोग पाऊस लागल्यावर केला तेव्हा कोरडा २९ आणि ओला २६. तीन अंशांचा फरक, त्यात दमट हवा. जूनच्या मध्यापासून कूलर फक्त ओलावा वाढवतो. अंथरूण चिकट लागतं, आणि आप्पांना त्याच दिवसांत दम लागायचा.

राहिला पाण्याचा हिशेब. एक लिटर पाणी वाफ होताना साधारण २४ लाख ज्यूल उष्णता घेऊन जातं. दीड टनाचा एसी पूर्ण जोरावर दर सेकंदाला साधारण ५,३०० ज्यूल उष्णता खोलीबाहेर टाकतो. तेवढीच उष्णता पाण्यानं काढायची म्हटली तर ताशी जवळजवळ आठ लिटर पाणी लागतं. आमच्या कूलरची टाकी दुपारी भरली की रात्री रिकामी व्हायची, ते या आकड्याशी नीट जुळतं. वीजही पाण्यावाचून होत नाही, हे मराठवाड्यात वेगळं सांगायला नको. परळीचं औष्णिक वीजकेंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. पण जुन्या औष्णिक केंद्रांनाही एका युनिटमागं साडेतीन लिटरपेक्षा जास्त पाणी वापरू नये अशी मर्यादा २०१५ मध्ये घालून दिलेली आहे. एसीला ताशी एक-दीड युनिट धरलं तरी पाणी कूलरपेक्षा कमीच लागतं. हा हिशेब झाला आणि माझं मन ठरलं.

एसी आणण्याआधी मात्र स्लॅबला चुना मारला. जी उष्णता आत येऊच दिली नाही, ती बाहेर काढायला वीज लागत नाही. कळीचा चुना पिंपात रात्रभर भिजवला, सकाळी गाळला, पकड यावी म्हणून त्यात फेविकॉल घातलं आणि ऊन चढायच्या आत झाडू-ब्रशनं दोन हात दिले. दुपारी तीनला त्या गच्चीवर अनवाणी उभं राहता आलं. शेजारच्या करड्या गच्चीवर पाय टेकवत नव्हता. खोलीतला थर्मामीटर संध्याकाळी तीनेक अंशांनी खाली आला. ज्यांना एसी परवडत नाही त्यांनीही एवढं कराच. खर्च काहीशे रुपयांचा आहे, आणि उष्णतेनं माणसं दगावतात त्या आमच्या भागात याइतकं स्वस्त औषध नाही.

दुकानात पहिला प्रश्न टनाचा येतो. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता उपसण्याची ताकद म्हणजे एक टन. साधारण साडेतीन किलोवॅट. दुकानदार म्हणाला, "मॅडम, वरचा मजला ना? दोन टनाचाच घ्या, डोळे झाकून." आमची खोली बारा बाय चौदा, पश्चिमेला एक भिंत, माणूस एक. यंत्र गरजेपेक्षा मोठं घेतलं तर हवा झटकन गार होते आणि कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबणारा पंप, लगेच थांबतो. हवेतला ओलावा काढायला त्याला वेळच मिळत नाही, आणि पावसाळ्यात खोली गार पण ओलसर राहते. लहान घेणंही बरोबर नव्हतं, कारण लेबलवरची क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. लातूरच्या ४१-४२ ला तोच एसी कमी उष्णता काढतो आणि वीज जास्त खातो. म्हणून दीड टन, पाच स्टार आणि इन्व्हर्टर. इन्व्हर्टर म्हणजे ज्याच्या कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त होतो तो. घरातल्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरशी त्याचा संबंध नाही. दुकानात हे विचारणारे पुष्कळ भेटतात.

'हॉट अँड कोल्ड' मॉडेलही दाखवलं. त्यात एक झडप असते, ती गॅसचा प्रवाह उलटा फिरवते आणि बाहेरची उष्णता आत आणते. एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते, म्हणून हीटरच्या तारेपेक्षा ते कितीतरी चांगलं. परभणीकडं डिसेंबरात पारा पार खाली जातो, तिथल्या म्हाताऱ्या माणसांसाठी मी ते नक्की घेतलं असतं. आप्पांना लातूरच्या थंडीत घोंगडं पुरतं.

वायरमन आले ते आधी बोर्ड उघडूनच थांबले. "ताई, ही लाइन पंखा-ट्यूबची आहे. हिच्यावर एसी टाकला की वायर भाजंल." मीटरपासून स्वतंत्र चार एमएमची तांब्याची वायर ओढली, वीस अँपिअरचा वेगळा एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, बसवला. बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो, तो वाढवून घेण्यासाठी महावितरणकडं अर्ज केला. मग वायरमननी फेज आणि अर्थिंगच्या मध्ये बल्ब लावून पाहिला, तर तो मिणमिणता. अर्थिंगचा खड्डा घर बांधतानाचा; आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी होते आणि कोरड्या मातीतून वीज नीट जात नाही. खड्डा उकरून कोळसा-मीठ नव्यानं भरलं, पाणी ओतलं, तेव्हा बल्ब लख्ख लागला. "उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी घालत जावा ह्याच्यात," असं ते बजावून गेले. हे पाणी मी आनंदानं घालते. एसीच्या धातूच्या अंगात वीज उतरली तर माणूस आणि मृत्यू यांच्यामध्ये तो खड्डाच असतो.

बाहेरचा डबा कुठं ठेवायचा यावर घरात चर्चा झाली. बोळाकडच्या भिंतीला टांगणं सोपं होतं, पाइपही कमी लागला असता. पण त्या बोळात शेजारच्या मावशींची स्वयंपाकघराची खिडकी आहे. एसी खोलीतली जेवढी उष्णता काढतो तेवढी, आणि शिवाय कॉम्प्रेसरनं खाल्लेली सगळी वीज, उष्णता होऊनच बाहेर पडते. ती फुंकर चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईच्या तोंडावर सोडायची नाही, असं मी म्हटलं आणि आप्पांनीही मान हलवली. डबा गच्चीवर नेला, जिन्याच्या खोलीच्या उत्तरेला, सावलीत, मागं हातभर आणि पुढं मोकळी जागा सोडून. तोंडाशी भिंत आली तर डबा स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढून घेतो आणि गुदमरतो.

बसवणाऱ्या मेकॅनिकनं भिंतीला भोक पाडताना बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिला, म्हणजे आत जमलेलं पाणी आपोआप बाहेर जावं. तांब्याचे पाइप जोडले, त्यांची तोंडं हत्यारानं फुलवून नट आवळले. आणि मग गॅसचा कॉक उघडायला तो पाना घेऊन खाली बसला. मी विचारलं, "भाऊ, व्हॅक्यूम?"

"मॅडम, थोडा गॅस सोडून हवा ढकलतो ना बाहेर. दोन मिनिटांचं काम. सगळेच तसं करतात."

सगळेच तसं करतात हे खरं आहे, आणि म्हणूनच हा भाग सविस्तर लिहिते. व्हॅक्यूम करायचं म्हणजे गॅस सोडण्याआधी पाइपांतली हवा पंपानं ओढून काढायची. नवीन पाइपांत साधी हवा असते आणि हवेत बाष्प. हवा आत राहिली तर ती गॅससारखी द्रव होत नाही. बाहेरच्या डब्यातल्या नळ्यांच्या जाळीत जागा अडवून बसते, दाब वाढतो, कॉम्प्रेसर जास्त वीज ओढतो. बाष्प राहिलं तर ते कॉम्प्रेसरच्या तेलात मुरतं, हळूहळू आम्ल तयार होतं आणि आतल्या मोटरची वाइंडिंग खराब होते. दोन-तीन उन्हाळ्यांत 'कॉम्प्रेसर गेला' असं ऐकू येतं, त्याची सुरुवात पुष्कळदा बसवण्याच्या दिवशीच झालेली असते. शिवाय हल्लीचा गॅस थोडा ज्वलनशील आहे. तो बंद जागेत मोकळा सोडणं बरं नव्हे.

मी म्हटलं, पंप घेऊन या, उद्या आलात तरी चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पंप घेऊन आला, आणि आल्यावर काम मनापासून केलं हेही सांगायला हवं. गेजची, म्हणजे दाबमापकाची, निळी नळी जोडली, पंप सुरू केला. सुई शून्यावरून खाली सरकत सरकत तळाला टेकली. तो चहा प्यायला उठला, मी तिथंच बसून राहिले. वर्गात मुलांना सांगतो ना, दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळतं. ते त्या पाइपात माझ्यासमोर चाललं होतं. आत चिकटलेला ओलावा न तापवताच उकळत होता आणि वाफ होऊन पंपातून निघून जात होता. अर्ध्या तासानं पंप बंद करून त्यानं कॉक मिटला आणि आम्ही दोघं सुईकडं बघत बसलो. ती हलली नाही, म्हणजे कुठं गळती नाही. मग त्यानं षटकोनी चावी घालून गॅसचा कॉक उघडला, आणि पाइपातून बारीक सूं असा आवाज गेला. प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून पाहिला, बुडबुडा नाही.

यंत्र सुरू झाल्यावर त्यानं माझा हात धरून गच्चीवरच्या जाड पाइपाला लावायला सांगितलं. पाचेक मिनिटांत तो गारठला होता आणि त्याच्यावर दव आलं होतं, मेच्या उन्हात. हे कसं होतं ते आप्पांना त्या संध्याकाळी समजावून सांगितलं. डब्यावर आर-३२ असं लिहिलेलं असतं, ते आतल्या गॅसचं नाव. हा पदार्थ साध्या हवेच्या दाबाला उणे ५२ अंशांनाच उकळतो. दाब वाढवत नेलं की उकळण्याचं तापमान वर चढतं. आतल्या जाळीत दाब असा ठेवलेला असतो की तो दहाएक अंशांना उकळावा. उकळायला उष्णता लागते, ती तो खोलीच्या हवेतून घेतो. ही वाफ गच्चीवर येते, कॉम्प्रेसर तिला दाबून इतकी तापवतो की ती बाहेरच्या ४१ अंशांच्या हवेपेक्षाही गरम होते. आणि गरम वस्तू गार वस्तूला उष्णता देतेच. पंखा ती उष्णता नेतो, वाफेचा पुन्हा द्रव होतो, बारीक तोंडातून जाताना त्याचा दाब पडतो आणि तो गार होऊन परत खाली येतो. गॅस संपत नाही. 'दरवर्षी गॅस भरावा लागतो' असं कुणी म्हणालं तर गळती शोधायला सांगा.

आप्पांनी जन्मभर शेती केली. त्यांनी विचारलं, "मग हे मोटेसारखंच की? पाणी खालून वर आणायचं." अगदी बरोबर. विहीर जितकी खोल, तितकी बैलांची दमछाक जास्त. बाहेर ४१ आणि आत १८ मागितलं तर विहीर फार खोल झाली. २६ मागितलं तर उथळ. एक अंश वर ठेवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतं, आणि १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे एसी सुरू होताना २४ वरच सुरू व्हावेत असा नियम आहे. आप्पांच्या खोलीत २७ आणि वर पंखा एकवर, एवढ्यावर त्यांना झोप लागते. थर्मामीटर धरला तेव्हा आतल्या जाळीतून १६ अंशांची हवा येत होती आणि गच्चीवरच्या पंख्यातून ५१ ची.

स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, तीच हवा फिरवतो. म्हणून पहाटे पाचला मी तो बंद करते आणि खिडक्या उघडते. त्या वेळी आमच्याकडं मेमध्येही बाहेर बरी हवा असते. फिल्टरच्या जाळ्या दर पंधरवड्याला धुते, कारण मराठवाड्यातली धूळ पंधरा दिवसांत त्यांच्यावर राखाडी थर चढवते आणि हवा अडते. बिलावरही लक्ष ठेवावं लागतं, कारण घरगुती दर १०० आणि ३०० युनिटांच्या टप्प्यांवर उडी घेतात. आम्ही एकाच खोलीत आणि फक्त रात्री चालवतो. दुपारी आप्पा खालच्या मजल्यावर बसतात.

मेमध्ये ड्रेनच्या नळीतून जेमतेम थेंब पडायचे, हवेत पाणीच नव्हतं. जुलैत तीच नळी रात्रीत बादली भरते. ते पाणी प्यायचं नाही, पण फरशी पुसायला आणि जास्वंदीला चालतं.

आता पश्चिमेची भिंत उरली आहे. चारनंतरचं ऊन सगळं तिच्यावर येतं आणि रात्री अकरापर्यंत ती गरम असते. बाहेरून लोखंडी चौकट ठोकून शेडनेट लावायची आणि भिंतीपासून वीतभर अंतर ठेवायचं, म्हणजे मधून हवा खेळेल. वेल्डरनं माप नेलं आहे. फेब्रुवारीच्या आत ते काम उरकायचं आहे.